घातचतुर्दशीचं पान

मानपाडा, डोंबिवली
१२ सप्टेंबर २०२५

ती. अण्णाकाका,

दोन महिने तुमचे फोन टाळले, त्याबद्दल क्षमा करा. बरं नाही म्हणून कळवलं होतं, ते खोटं होतं.

कुलवृत्तांतासाठी तुम्ही दिलेले मोडी कागद मी वाचले. झाशीच्या वेढ्यात तोफेपाशी धारातीर्थी पडलेले आपले बाळाजीपंत तिथे पडलेच नव्हते. वीस वर्षांनी त्यांनी कल्याणहून भावाला लिहिलंय, "नवव्या दिवशी मरणाचे भय वाटले, तटावरून उतरलो. घरी मी मेलो असेच सांगावे." अक्षर त्यांचंच आहे, तीनदा ताडून पाहिलं.

शस्त्राने मेलेल्यांच्या तिथीला, घातचतुर्दशीला, तुम्ही साठ वर्षं त्यांचं पान वाढताय. यंदा ती आठ दिवसांवर आली आहे.

तुमच्या क्षिप्राला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, बाबा एक्क्याऐंशीचे आहेत. बाळाजीपंत सोडून ते बोलतात तरी कशावर? फाडून टाक तो कागद." मी फाडला नाही, आणि तुम्हाला सांगितलंही नाही. काल तुमचा निरोप ऐकला, "पुस्तक वाचायला नवा चष्मा केलाय गं." तरीही फोन केला नाही. यात तुमची काळजी किती आणि माझा भित्रेपणा किती, हे मला ठरवता येत नाही.

हे तुम्ही घरात एकटे असताना वाचाल, याची सगळ्यात जास्त भीती वाटते. म्हणून पाठवत नाही.

तुमची पुतणी,
वृंदा

उद्या: मूळ कागद घेऊन ठाण्याला अण्णाकाकांकडे जाणे.