विसावी ओळ

१२ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. सध्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे दात एकदमच पडलेत आणि कवळ्यांचे साचे माझ्याच टेबलावर येऊन पडताहेत. नखात गेलेलं प्लास्टर जेवताना भातात उतरतं. तुझी गुंडी मजेत आहे. नर्सिंगचं पहिलं सत्र नीट पार पडलं. तिच्या खोलीला तू पाठवलेले पडदे लावलेत, आणि मामाच्या घरात बघण्यासारखं तेवढं एकच आहे असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

माझं दुखणं वेगळंच आहे. आमचा रविवारचा खेळ तुला माहीत आहे, ज्याला तू थोराड पोरांची भातुकली म्हणतेस. पाचजण टेबलाभोवती बसतात, कुणी चोर होतो, कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक. आणि बाकीचं सगळं जग मी एकट्याने चालवायचं. ते ज्या गावात शिरतील तिथली माणसं, त्यांची भांडणं, त्यांची गुपितं सगळी माझ्याकडे तयार हवीत. त्या तयारीत अख्खा आठवडा जातो. मी एक गाव रचून ठेवतो आणि ही मंडळी नेमकी दुसऱ्या गावाला जातात. खेळ बंद करावा असं मनात येतं.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझा,
टिल्लू

१९ जून

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाचून हसू आलं. चाळिशी उलटली तरी तुझं ते राक्षस-राजकन्यांचं वेड गेलं नाही. पण रडू नकोस, अक्का आहे. मी प्रत्येक गिऱ्हाइकाचा पडदा पहिल्यापासून आखते असं वाटतं का तुला? चुण्यांचे, झालरींचे साचे कापून ठेवलेत. माणूस आला की साचा उचलायचा. तूही तक्ते करून ठेव. गावात कोण भेटलं, त्याच्या घरात काय लपलंय, अशा वीस ओळी लिहायच्या आणि तुझ्याकडे तो वीस बाजूंचा फासा आहे, तो टाकायचा. पडेल ती ओळ वाचायची. पोरं कुठेही जाईनात, तू तयार.

आणि ओळी मनाने रचू नकोस. तुझे राजे आणि तुझे चोर सगळे एकाच कवळीने बोलतात. खरी माणसं घे. ही घे माझ्याकडून: आमची घरमालकीण परदेशातल्या मुलाची पत्रं स्वतःच लिहून स्वतःला टाकते, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. नंतर मला मोठ्याने वाचून दाखवते आणि मी वा वा म्हणते! समोरचा न्हावी केसांचा टोप घालतो, आणि बायकोला लग्नाला इतकी वर्षं होऊनही पत्ता नाही. माझ्या दुकानातली शिलाईवाली रोज डबा दोघांचा आणते. ज्याच्यासाठी आणते तो येत नाही, ती दोघांचा खाते, म्हणून फुगलीय. लिहिता लिहिता हसून पोटात दुखलं. उरलेल्या सोबतच्या कागदावर आहेत, एकूण एकोणीस भरल्या. विसावी तू शोध, तेवढं तरी डोकं चालव.

गुंडीला सांग, आईची आठवण काढत जा. तुझी माया राहो.

अक्का

८ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो! तक्त्यांनी काम फत्ते केलं. आता रविवारी सकाळी दाढी करता करता माझी तयारी होते. घरमालकीणबाईंना मी किल्ल्यातली म्हातारी राणी केलं. चोर तिच्याकडे गेला आणि तिच्या डाव्या हाताच्या अक्षराची नक्कल करून त्याने सगळ्यांना लोळवलं. न्हाव्याचा टोप मांत्रिकाने वाऱ्याने उडवला. असा खेळ वर्षभरात रंगला नव्हता.

परवापासून गुंडीही खेळायला बसते. खेळात जो कुणाचं दार ठोठावेल त्यानेच फासा टाकायचा, अशी आमची रीत. तिने टाकला आणि पडले वीस. वीस म्हणजे सगळ्यांत शुभ, म्हणून सगळ्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग मी ओळ वाचली. विसावी ओळ मला काही केल्या सुचत नव्हती, तेव्हा तुझीच जुनी गोष्ट घेतली होती. रागावू नकोस, ओळखू येणार नाही इतकी बदलली होती. तंबू शिवणारी एक बाई, पोर नको म्हणून राजाचं हिरवं मखमली कापड अर्धवट टाकून वैद्याकडे गेली. वैद्य त्या दिवशी नव्हता, म्हणून परत येऊन शिवत बसली, आणि पोर झालं.

तलवारबाज म्हणाला की त्या पोराला शोधून काढू, कामाला येईल. सगळे हसले. गुंडी मात्र डोकं दुखतंय म्हणून उठून गेली. कालपासून फारशी बोलत नाही. वॉर्डातल्या कामाचा शीण असेल.

आणखी ओळी असल्या तर पाठव. मायेत खंड पडू नये.

तुझा,
टिल्लू

१४ जुलै

टिल्लू,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. त्या पोरीला मी लहानपणापासून सांगत आले, की नाट्यगृहाचा हिरवा मखमली पडदा शिवत होते तेव्हा तू पोटात होतीस, म्हणून तुझा आवाज एवढा मोठा. तिला समजायला किती वेळ लागला असेल? दवाखान्यात सोबत न्यायला मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. हे बोटीवर, दुकान नुकतं उभं राहत होतं. तुझ्यापाशी ठेवलेली गोष्ट तू पाच परक्या माणसांपुढे मांडलीस, तीही करमणुकीसाठी. जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळगायचीस. माझी लेक माझ्याकडे नीट परत आली नाही तर मी तुझं तोंड बघणार नाही.

अक्का

२० जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रागावलीस, ते ठीक. पण मी कुणाचं नाव घेतलं नाही आणि फासा माझ्या हातात नव्हता. एकोणीस बायाबापड्यांची लक्तरं तू हसत हसत टपालाने पाठवलीस, तेव्हा त्यांनाही लेकी असतील असं तुला वाटलं नाही. मी फक्त विसावं लक्तर जोडलं. तुझं जळलं तेव्हा तुला धूर दिसला.

गुंडी जेवते, कामाला जाते. काय ते तिलाच लिही. राग निवला की लोभ करावा.

टिल्लू

२२ जुलै

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

बाळ, मामाने जे वाचलं ते खरं आहे, पण अर्धंच खरं आहे. मी गेले होते. घाबरले होते, तुझे बाबा दूर होते. डॉक्टर नव्हते हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी ते आले होते आणि मी गेले नाही. रात्रभर विचार केला, आणि तुला ठेवायचं मी स्वतः ठरवलं. तू चुकून झाली नाहीस, मी तुला मागून घेतलं. एवढं एक मनात धर आणि मला दोन ओळी लिही. तुझ्या पत्राची वाट बघून डोळे दुखायला लागलेत.

तुझ्या लोभावर जगणारी,
आई

३ ऑगस्ट

स. न. वि. वि.

परक्यांना लिहितात तसा मायना घातला आहे, तो मुद्दाम घातला आहे.

तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं होतं. एक दिवस उशीखाली घेऊन झोपले. मग मामाला दाखवलं, तुमचं भांडण मिटावं म्हणून. तो कवळी घासत होता. मान वर न करता म्हणाला, की दुसऱ्या दिवशीही तो तुझ्याबरोबर आला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि आता फार उशीर झाला म्हणून परत पाठवलं. परतताना तू रस्ताभर रडलीस, असंही म्हणाला. मला वाटतं, ते सांगून त्याला माझी समजूतच काढायची होती.

पहिल्या दिवसाचं मी समजून घेतलं असतं. तशा बायका मी वॉर्डात बघते, त्यांचा हात धरून बसते. तुझाही धरला असता. पण मी विचारलं नसताना तू दुसरा दिवस रचून पाठवलास, आणि मी तो उशीखाली ठेवला.

मामाला वेळ नसतो, म्हणून तक्ते आता मी करते. तुझ्या एकोणीस ओळी तशाच आहेत. डाव्या हाताची राणी सगळ्यांची लाडकी आहे. विसावी मी वाढवून पाहिली. बाई पुन्हा वैद्याकडे जाते, आणि पोर मोठं झाल्यावर त्याला लिहिते की मी पुन्हा गेलेच नव्हते. तलवारबाज म्हणाला की खेळात भुतं चालतात, राक्षस चालतात, पण अशी आई काही पटत नाही. ओळ ठेवायची की काढायची यावर मग हात वर केले. काढायची असं ठरलं. माझाही हात वर होता.

शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं, हे तुझ्याकडूनच शिकले.

गुंडी