दगडावरचा पोलग्लेस

बेंडिगो, ता. ३ एप्रिल १९५७

प्रिय हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या हातून काठी सुटली आणि बागेतल्या युद्धस्मारकाच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. ती घेऊन मी वर आलो तेव्हा ते एस. पोलग्लेस या नावाखाली तळवा टेकून उभे होते. बागेत इतकी वर्षं येऊनही त्यांनी स्मारकाकडे पाठच केली. आई गेल्यावर आज प्रथमच आपणहून म्हणाले, चल, बघू तरी.

पहिल्या महायुद्धात बाबांनी जाऊ नको म्हटलं म्हणून आपला सायलस आईचं माहेरचं नाव सांगून भरती झाला, आणि फ्रान्समध्ये त्याच नावानं मेला. आता दगडांची डागडुजी निघाली आहे. खोट्या नावानं लढलेल्यांची खरी नावं कोरायला समिती तयार आहे. आईवडिलांपैकी कोणी असेल तर सही त्यांचीच हवी, सोबत भरतीच्या कागदाची नक्कल हवी. मुदत महिनाअखेरपर्यंत. बाबा ब्याऐंशीचे आहेत. आपला भाऊ घरच्या आडनावानं, ट्रेम्बाथ म्हणून, दगडावर यायचा तर आत्ताच.

नक्कल मागवली आहे. बाबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, की मटण वातड आहे.

द्राक्षं वाळली का ते लिही. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
क्लेम


मिल्ड्युरा, ता. ८ एप्रिल १९५७

चि. क्लेम यास,
अनेक आशीर्वाद.

हसू नकोस. एक्कावन्न वर्षांचा झालास तरी माझ्याहून धाकटाच आहेस. द्राक्षं अजून वाळवणीच्या मांडवावर आहेत आणि दोन दिवस आभाळ भरलेलं आहे. ओली झाली तर वर्ष गेलं.

ती नक्कल बाबांच्या हाती देऊ नकोस.

सायलस तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. एकविशीच्या आत घरच्यांची परवानगी लागे. ती आईनं दिली. मी बरोबर होते. तिनं काळे हातमोजे घातले, मला वाटलं प्रार्थनेला निघालो आहोत. कारकुनानं मुलाच्या वडिलांबद्दल विचारलं. आई म्हणाली, वारले. सही केली ती मिसेस पोलग्लेस, विधवा अशी. येताना मासे घेतले आणि बाबांना तळून वाढले. त्यांनी दोनदा मागून घेतले.

बेचाळीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. साठ वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिनं आपल्याला जिवंतपणी मारलं, हे या वयात त्यांनी वाचायला नको. राहू दे तो पोलग्लेस. नाव खोटं असलं तरी माणूस आपलाच आहे.

बाबांना लोकरी मोजे पाठवते आहे. मोठे झाले तर तू घाल. तब्येतीला जप आणि अधूनमधून आठवण काढ.

तुझी,
हेस्टर


बेंडिगो, ता. १६ एप्रिल १९५७

प्रिय हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल, सोमवारी, पोचलं. नक्कल शनिवारीच आली होती. अर्ज मीच शहाणपणा करून बाबांच्या नावानं केला होता, म्हणून पाकीट त्यांच्याच नावावर आलं. त्यांनीच ते फोडलं. कागद खिशात ठेवला.

आज दुपारी म्हणाले, बागेत चल. स्मारकाच्या पायरीवर बसून त्यांनी खिशातून कागद काढला आणि मला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वडिलांचा रकाना गाळला. त्यांनी काठीचं टोक माझ्या बुटावर टेकवलं. म्हणाले, गाळू नकोस रे, मला वाचता येतं. तेव्हा वाचलं : वडील, मयत.

त्यांनी कागद माझ्या हातून घेऊन त्याची घडी केली. मग म्हणाले, तिनं खोटं नाही सांगितलं. पोरगा दारातून निघाला तेव्हा मीच ओरडलो होतो, गेलास तर बाप मेला म्हणून समज. मी प्रवचनं करणारा माणूस, युद्धाचं पाप घरात नको होतं मला. ती आत भांडी घासत होती. एवढ्या वर्षांत माझं एकच वाक्य तिनं शब्दाला शब्द मानलं, आणि तेही हे.

मी म्हटलं, मग सही राहू दे. तर म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस.

घरी येताना विचारलं, हेस्टरला माहीत होतं का? मी नाही म्हटलं. म्हणाले, आईच्या वळणावर गेलास, पण तिच्याइतकं सफाईनं जमत नाही तुला.

पुढे काय होईल ते सांगता येत नाही. मोजे त्यांना बरोबर झाले. सगळ्यांना माझा नमस्कार सांग, राग मनात धरू नकोस.

तुझा,
क्लेम

ता. क. बुधवार, ता. १७. पत्र टाकायचं राहिलं होतं. सकाळी नाश्त्याआधी बाबांनी फॉर्म मागून घेतला आणि सही केली. नात्याच्या रकान्यात ‘वडील’ लिहिलं, आणि त्यापुढे, कोणी विचारलं नसताना, ‘हयात’. नऊ वाजता मी तो समितीच्या कचेरीत देऊन आलो.