हेरेलनं न वाटलेला उझा

प्रिय हेरेल,

काल निकाल वाचून झाला, माझ्या अभिनंदनाला रांग लागली आणि तू मागच्या दारानं सटकलास. बरंच केलंस म्हणा. समोर आला असतास तर मी हसले असते, आणि माझं हसू तुला शाळेपासून सोसत नाही. पण जिंकले बरं का मी! किझिलच्या खुरालची, आपल्या अख्ख्या तुवाच्या विधिमंडळाची अध्यक्ष, एका मेंढपाळाची पोर! आणि हरला कोण, तर मॉस्कोनं खास धाडलेला त्यांचा लाडका उमेदवार, म्हणजे तू. सोव्हिएत राज्य गेलं, पण इथं कोण बसणार ते तिकडून ठरवायची खोड काही गेली नव्हती. काल ती मोडली. कालपासून आनंदानं मला जेवण जात नाहीये.

तू म्हणे सांगत सुटलायस, सायलिकमानं दक्षिणेकडचे आमदार फोडले. अरे, मी कशाला फोडतेय? तूच ते माझ्या पदरात टाकलेस, तेही जेवायला बसून.

एर्झिनला सेदिप आजोबांच्या तंबूत गेलो होतो ते आठव. दक्षिणेकडच्या आमदारांत म्हातारा म्हणेल ती पूर्व. आपल्याला जोखायलाच त्यानं दोघांनाही बोलावलं होतं. तू लांबून आलेला, म्हणून मान तुझा. मेंढीच्या शेपटाकडचा तो चरबीदार उझा तुझ्यापुढे आला. तू उठून आभार काय सुरेख मानलेस रे! आपली भाषा अशी खणखणीत बोललास की मी मनात म्हटलं, संपलं आपलं. आणि मग ड्रायव्हरला हाक मारून तो अख्खा उझा वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत ठेवायला लावलास, बायकोला आवडतो म्हणून! बाबा रे, आधी सुरी घ्यायची, बसलेल्या प्रत्येकाला आपल्या हातानं तुकडा द्यायचा. उरलेलं घरी ने की, कोण नको म्हणतंय? पण इतकी वर्षं तिकडच्या कचेऱ्यांत काढलीस, हाती आलं की बगलेत मारायची सवय लागली. मी डोळे वटारून तुला खुणावत होते. तुला वाटलं मी जळतेय. तू मिशीतल्या मिशीत हसलास.

तुझी गाडी गेल्यावर म्हातारा चहात मीठ टाकत एवढंच म्हणाला, "हातातलं मांस ज्याला चार माणसांत वाटता आलं नाही, तो खुर्चीवर बसून आपल्याला काय देणार?" बसलेल्या आमदारांनी माना डोलावल्या. निवडणूक तिथंच झाली, काल हात वर झाले तो नुसता सोपस्कार.

हे लिहिताना मजा येतेय, खोटं कशाला बोलू! कम्युनिस्ट पार्टीच्या शाळेत तुझा नंबर नेहमी पहिला आणि माझा तुझ्यामागं. एवढा आनंद मी फुकट जाऊ देणार नाही. पण नुसतं चिडवायला मी कागद खर्च केला नसता.

आज सकाळी मॉस्कोहून फोन आला, तुला इथं पाठवणाऱ्याच साहेबांचा. आधी अभिनंदन केलं. मग म्हणाले, हेरेलचं लोकर-कारखान्याचं जुनं प्रकरण उकरून काढतो, आमदाराला अटक करायला अध्यक्षांची सही लागते, तेवढी तुम्ही करा, म्हणजे तुमच्याही वाटेतला काटा गेला. काल ज्याच्यासाठी मतं मागत होते, आज त्याचंच डोकं मला भेट म्हणून देत होते. मी म्हटलं, "साहेब, तो आमचा माणूस आहे. त्याला हरवायचं तर मी हरवीन. तुम्ही हात लावायचा नाही." मग त्यांनीच फोन ठेवला. आपल्यापैकी कुणी त्यांना असं तोंडावर नाही म्हटलेलं तुला आठवतंय का रे? मी म्हटलं.

तू परवाच्या विमानाचं तिकीट काढलंस असं कळलं. पळू नकोस. माझ्या सहीवाचून तुला कोणी नेणार नाही, आणि ती सही मी करणार नाही. सोमवारी सभागृहात ये, पहिल्या बाकावर बस आणि माझ्याशी कडाकडा भांड.

तुला हरवूनही तुझीच,
सायलिकमा