उसन्या आवाजाचा गाडा

३ ऑक्टोबर

पुन्हा हसले! मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका ट्रकवाल्यानं दोन किलो सीताफळं घेतली. मी बटन दाबलं. डबा बोलला — "शुक्रिया भाई" — आन मागून टक! कुणी थोबाडीत मारावी तशी. ट्रकवाला दचकला, मग खदखदला. "चाचा, तुमचा शुक्रिया तर गोळी घालतो!"

घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. इतकी वर्षं ह्याच गाड्यावर ओरडलो, पण मोबाईलात कुणी भरून ठेवला न्हाई. मी पण न्हाई. पोरगी अलिना इंजिनिअरिंगला हाय, तिनं हा डबा बनवला; बटन दाबलं की भरलेली वाक्यं बोलतो. त्यात माझ्या धाकट्या भावाचा आवाज. फैजानचा. "भाईजान, मेरा आवाज तुमाराच हाय," म्हणला. लई दिलदार!

५ ऑक्टोबर

गल्लीतल्या बाया मला 'टकवाले भाई' म्हणतात. हे शहजादीनंच सांगितलं. माझी बायको — हसत हसत! जेवलो न्हाई.

८ ऑक्टोबर

अलिना डबा उघडून बसली. "अब्बू, आवाज मधीच तुटला की स्पीकरचा पडदा झटका खातो. म्हणून टक." तिनं आवाज हळूहळू शून्यावर उतरेल असं केलं. लावून बघितलं — बारीक टक उरलीच! मी डबा ढकलून दिला. पोरगी उठली, पेचकस घेऊन पुन्हा बसली. मी परसात जाऊन रडलो. रडलो तरी कुणाला ऐकू येत न्हाई, एवढी सोय हाय.

११ ऑक्टोबर

सापडलं! आवाज उतरला की डबा लगेच सगळी वीज तोडत होता. झटका तिथं बसायचा. आता आधी आवाज उतरतो, मग अ‍ॅम्प्लिफायर मुका होतो, त्यानंतर वीज जाते. "शुक्रिया भाई" — आन मागं काहीच न्हाई. अलिनानं माझे दोन्ही हात धरले.

१४ ऑक्टोबर

कुणी हसत न्हाई आता. माझ्याकडं बघत पण न्हाई! "भाव कमी करा की," — हे डब्याला! मी तराजू धरून उभा. एका म्हातारीनं गाड्यामागं वाकून बघितलं. "बोलणारा कुठं बसलाय?"

टक होती तवर डबा डबा होता. कावून काढायला लावली मी?

१९ ऑक्टोबर

फैजाननं गॅरेजचं काम सोडलं. रस्त्यापलीकडं सीताफळाचा गाडा लावला. "या, गोड सीताफळ!" माझी नेहमीची गिऱ्हाइकं तिकडं वळली. ओळखीचा आवाज ना! मी बटन दाबलं. दोन्हीकडून फैजानच ओरडला.