नानांची बोटं आणि माझी बटणं

जळगाव, मंगळवार, मार्च १९९७

ठिबकचं पाणी हातातल्या पेटीवरून चालू-बंद करायचं माझं यंत्र आज सावद्याला नेलं. केळीवाल्या नानांच्या बागेत. पेटी कॅलक्युलेटरएवढी, वर बारा बटणं. नाना एक दाबायला गेले की शेजारचंही दाबलं जायचं. तीनदा तेच. चौथ्यांदा भलताच व्हॉल्व्ह उघडला आणि आमच्या साहेबांचे बूट भिजले.

"भाऊ, बटनं लय जवळ हायेत," नाना म्हणाले.

"बटणं बरोबर आहेत, नाना. तुमची बोटंच केळ्यांएवढी आहेत."

सगळे हसले. त्यांची सूनसुद्धा, तोंडाला पदर लावून. नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मग चहा आला, तर कप घ्यायलाही हात पुढे केला नाही.

का बोललो मी? बटणं जवळ आहेत हे मला महिनाभर माहीत होतं. पेटी साहेबांच्या खिशात मावायला हवी, म्हणून लहान ठेवली. ती जाड, भेगाळलेली बोटं काही डोळ्यांसमोरून जात नाहीत.

परतताना जीपमध्ये साहेबांनी विचारलं, "दोष कुठे आहे?"

"वापरणारा अडाणी आहे, साहेब."

"तसंच लिही अहवालात."

लिहिलं. सुवाच्य अक्षरात. खाली सहीही केली.