श्रेयाचं पाणी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार
सकाळी साडेआठला कळसला पोचलो. सामान टाकून इंदापूरच्या रक्ततपासणी लॅबमध्ये रुजू झालो. खोली कुशाबाईंच्या घरात मिळाली. स्वच्छ, हवेशीर, खिडकीबाहेर ऊस. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. कुशाबाईंची मुलगी श्रेया गेल्या महिन्यात तापाने गेली. माझी बायको विनया गेल्या ऑक्टोबरात गेली, तीही तापानेच, एवढं मी सांगितलं. बाईंनी आणखी एक भाकरी वाढली.

११ सप्टेंबर, गुरुवार
काम ओळखीचं आहे. इथेही डेंगी निघाला की पुढची चाचणी न करता थांबतात. सांधे सुजले असतील तर चिकुनगुन्याही तपासू, एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, असं लॅबच्या मालकांना सुचवलं. ते हो म्हणाले. कारण विचारलं नाही, बरं झालं. विनयाची चाचणी मीच केली होती. डेंगी निघाला आणि मी थांबलो. तिची बोटं मिटत नव्हती, तरी थांबलो. सात दिवसांनी नियमाप्रमाणे तिच्या रक्ताची नळी मीच कचऱ्याच्या पिशवीत टाकली. तिला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते.

१४ सप्टेंबर, रविवार
मोरीजवळच्या निळ्या बॅरलमध्ये तांब्या बुडवला. पाण्यापेक्षा अळ्या जास्त. वळवळणारा काळा लगदा, कडेला बुळबुळीत थर. एक अळी बोटाला चिकटली. ओतून द्यायला गेलो तर बाईंनी मनगट धरलं. ताप आला त्या सकाळी श्रेयानं भरलेलं पाणी आहे म्हणाल्या, तिच्या हातचं शेवटचं. माझं तोंड बघून हसल्या. "अवो रमाकांतराव, दिसभर लोकांचं रगत उपसता आन् डासाच्या पिल्लांना भिता व्हय?"

१८ सप्टेंबर, गुरुवार
शेजारच्या म्हाळसाताई सहा वर्षांच्या संस्कृतीला कडेवर घेऊन लॅबमध्ये आल्या. सहा दिवस ताप, पाऊल टेकवत नाही. डेंगी आणि चिकुनगुन्या, दोन्ही. गल्लीतल्या आणखी दोघांचंही तेच. संध्याकाळी आरोग्यसेविका भांडी तपासायला आली, तेव्हा बाईंनी बॅरलवर गोधडी टाकली. मी दारात उभा होतो. सेविकेला बॅरल दाखवलं नाही. उद्या मीच ओतून देणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
दुपारी लवकर आलो. बाई बॅरलपाशी बसलेल्या, उघडा हात आत सोडलेला. हातावर फोड, खाजवून पू झालेला. त्यावर डास बसलेले, पोटं लाल, इतकी फुगलेली की हलवलं तरी उडेनात. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "श्रेयाचं रगत प्यालेल्यांची पोरं हायती ही. नातवंडंच की माझी. उपाशी कशी ठिवू?"
परसात जाऊन ओकलो. बॅरल तसंच.

२२ सप्टेंबर
कालपासून ताप. मानेवर एक डास मारला. तळहातावर रक्त, माझं का बाईंचं का — तीनदा साबण लावला. वास जात नाही. तापात बाईंना विनयाच्या नळीचं सांगून बसलो. कुणाला सांगितलं नव्हतं.

२६ सप्टेंबर
माझं रक्त मीच काढलं. दोन्ही चाचण्यांवर रेघा, दोन्ही ताप आहेत. बोटं मिटत नाहीत. लेखणी धरवत —

२७ सप्टेंबर
बाईंना बारामतीच्या दवाखान्यात नेलं. हिरड्यांतून रक्त, पदर भिजलेला. गाडीत चढताना म्हणाल्या, "तुमी तुमच्या बायकोचं रगत टाकून दिलं. माझ्या पोरीचं पाणी सांडू नगा."

२९ सप्टेंबर
संस्कृतीची धाकटी बहीण तापली. दीड वर्षाची. म्हाळसाताई दारात येऊन ओरडल्या — ते बॅरल आधी पालथं करा, न्हायतर मी करते. करतो म्हणालो. दोन्ही हातांनी कड धरली. आतली घाण मनगटावर आली. उबदार, विनयाची नळी भरली तेव्हा होती तशी —
नाही केलं. दाराला आतून कडी घातली.

३० सप्टेंबर
बारामतीहून फोन. बाई गेल्या.
म्हाळसाताई दार वाजवताहेत. बाळ रडतंय, इथपर्यंत ऐकू — अंगभर डास बसलेत. मारत नाही. उठून बघितलं. पाणी चार बोटं उतरलंय, अळ्या तळाशी दाटीनं — एक कळशी भरून बॅरलमध्ये ओतली. अजून एक लागेल. नळाखाली कळशी लावली आणि