हवालदाराला तिकीट नाही

४ नोव्हेंबर १९६३, सोमवार

आजपासून रोजनिशी. नोकरीत रेकॉर्ड असलेलं बरं.

नाव हवालदार. जात गावठी, पण डावा कान उभा राहतो, त्यावरून आजोबा अल्सेशियन असावेत. मुक्काम पनवेल, एलिजासाहेबांचं घर. साहेब कचेरीत कारकून आहेत. मी पिल्लू असताना त्यांनी मला मच्छीबाजारातून उचलून आणलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं, "हा आपला हवालदार." त्या दिवसापासून ड्यूटीवर आहे. एक रजा नाही.

हाताखाली चार माणसं. साहेब, त्यांच्या मिसेस एलिशेबाबाई, मुलगी मझल (इयत्ता चौथी) आणि साहेबांची आई, झिल्पा आजी. आजीला कमी दिसतं. तिला रोज फिरवून आणणं माझ्याकडे. ती म्हणते की तीच मला फिरवते. म्हातारं माणूस, बोलू द्यावं.

संकल्प: विनाकारण भुंकणार नाही. शेजारच्या मांजराकडे ढुंकून बघणार नाही. न दिलेल्या माशाला तोंड लावणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

बांगडा. तो आधीच ताटाच्या कडेवर आला होता. अपघात म्हणून नोंद.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेब ज्यू, शनिवार त्यांच्या विश्रांतीचा वार, म्हणून आज संध्याकाळी शब्बाथचा दिवा लागला. मनुकांचं सरबत झालं. जेवताना साहेब म्हणाले, "मंजुरी आली. जानेवारीत आपण इस्राएलला."

एलिशेबाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला कळेना, एवढं काय त्यात? इस्राएल तळं घरापासून हाकेच्या अंतरावर. आजीला घेऊन मी आठवड्यातून दोनदा जातो. पाणी हिरवं, बेडूक बरे.

मझल म्हणाली, "आणि हवालदार?"

साहेब भात कालवत राहिले. मग म्हणाले, "त्याला तिकीट नाही गं."

बरोबर आहे. तळ्यावर जायला तिकीट कसलं? शेपूट हलवून मान्यता दिली.

आजीने मात्र ताट सरकवलं. "तुम्ही जा. मी येत नाही."

"आई, सगळे चाललेत. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुषही जमत नाहीत आता."

"बायकांना तुम्ही कधी मोजलंत? मग आत्ताच कशाला मोजता?"

आजीने खाली हात घालून माझं डोकं चाचपलं. म्हणाली, "ह्या मुक्या जीवाला टाकून मी कुठे येऊ?"

म्हणजे सगळं माझ्यावर अडलंय. जबाबदारी वाढली. झोप लागली नाही. (नंतर लागली.)

१० नोव्हेंबर, रविवार

पांडू आला. ओवे गावाकडच्या कातकरी वाडीतला. दर रविवारी लाकडाची मोळी आणतो. बरोबर बायको सोमी. दोघंही संशयित. अंगाला धुराचा वास आणि खिशात काही नाही, अशी माणसं सज्जन कशी असतील? भुंकलो. कारण होतं, त्यामुळे संकल्प शाबूत.

पांडूने विचारलं, "चावल काय ह्यो?"

साहेब म्हणाले, "छे रे. नुसता आवाज आहे."

शत्रूला गाफील ठेवण्याची साहेबांची पद्धत जुनी आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

घरात नवीन ट्रंका आल्या. हिरव्या, पत्र्याच्या. तळ्यावर जायला ट्रंका कशाला, असं मनात आलं. पण वरिष्ठांना प्रश्न विचारू नयेत. मोठीत बसून पाहिलं. पाय दुमडले की बरोबर मावतो. ट्रंक माझ्यासाठीच घेतली असणार. एलिशेबाबाईंनी लाटणं दाखवून बाहेर काढलं. वेळ यायच्या आधी बसू नये, एवढाच अर्थ.

मांजराच्या मागे गेलो होतो. फक्त कुंपणापर्यंत.

१ डिसेंबर, रविवार

साहेबांनी पांडूला परसात नेलं आणि हळू आवाजात जबानी घेतली. मी जवळ जाऊन ऐकली.

पांडू म्हणत होता, "आमाला काय, एक तोंड वाढल. पन सायेब, आमच्यात त्याला मटन-बिटन नाय मिळायचा."

"इथे तरी कुठे रोज असतं? तू त्याला मारू नकोस म्हणजे झालं."

"मारतोय कशाला? पोराला पन नाय मारला कधी."

"तुला पोरगा आहे?"

"व्हता," पांडू म्हणाला.

मग दोघं उगाच माझ्याकडे बघत उभे राहिले. साक्षीदार म्हणून मीही त्यांच्याकडे बघितलं.

५ डिसेंबर, गुरुवार

आज तळं नाही. आजीने मला कबरस्तानात नेलं. चुकलो, मी तिला नेलं. एका कबरीपाशी ती मांडी घालून बसली. दगडावरची अक्षरं बोटांनी वाचली. तिच्या नवऱ्याची, सामाजी आजोबांची. त्यांच्या शेजारी मोकळी जागा आहे, गवत वाढलेलं. आजी ते गवत उपटत बसली.

म्हणाली, "ही जागा माझी. पोराला वाटतं मी कुत्र्यासाठी अडून बसलेय. वाटू दे. खरं सांगितलं तर रडेल तो."

काही काही बोलते. वयामुळे. मी त्या जागेत दोनदा गोल फिरून आडवा झालो, मऊ होती. आजी हसली, मग बराच वेळ तिचं नाक वाहत होतं. गवताची बाधा असावी.

१० डिसेंबर, मंगळवार

दिवसाढवळ्या दरोडा. तेल-किराण्याचे दुकानदार दिनानाथशेठ दोन हमाल घेऊन आले आणि आरशाचं कपाट उचललं. साहेब स्वतः एका बाजूने धरू लागले! धाकदपटशा दाखवला असणार. मी शेठच्या धोतराचा सोगा पकडला. धोतर माझ्याकडे राहिलं.

मला पेरूच्या झाडाला बांधण्यात आलं. शौर्य गाजवलं की असंच होतं.

१६ डिसेंबर, सोमवार

मझलचा सत्याग्रह. आजी नाही तर मीही नाही, असं म्हणून सकाळपासून जेवली नाही. हे "आजी" म्हणजे आजी आणि हवालदार, असं मी धरतो. तिने तिचं ताट हळूच माझ्यापुढे सारलं. चळवळीला पाठिंबा म्हणून मी सगळं खाल्लं. रात्रीचंही.

१७ डिसेंबर, मंगळवार

पाठिंबा चालू. नारळाच्या दुधातली आमटी होती. चळवळ लांबावी.

१८ डिसेंबर, बुधवार

मझलला ताप भरला. एलिशेबाबाई आजीला म्हणाल्या, "मी सून आहे, मी तुम्हाला कधी उलट बोलले नाही. पण आज बोलते. माझी पोर मरेल."

आजीने चुलीपाशी बसून पेज ढवळली. मग मझलचं डोकं मांडीवर घेतलं, चमचा तिच्या तोंडाशी नेला. "खा गं बाय. येते मी. येते."

"खरंच? शप्पथ?"

"येते म्हटलं ना. मेल्यावर कुठलीही माती सारखीच."

साहेब दारात उभे होते. ते वळून बाहेर गेले आणि पेरूच्या झाडाला टेकून रडले. मी त्यांचा हात चाटला. सगळं मिटलं, आजी येणार, मझल जेवली. माझं नाव कोणी घेतलं नाही. घाईत राहिलं असेल.

आज माझ्यापुढे ताट आलं नाही.

५ जानेवारी १९६४, रविवार

महत्त्वाचा दिवस. घर रिकामं. बोललं की आवाज भिंतींवरून परत येतो. मझलला सकाळीच खडीसाखर आणायला दिनानाथशेठच्या दुकानात पाठवलं. खडीसाखर घरात होती. डबा माझ्या समोरच होता.

पांडू आला. या खेपेला मोळी नव्हती. दोर होता. साहेबांनी दोराचं एक टोक माझ्या गळ्यात बांधलं आणि दुसरं पांडूच्या हातात दिलं. ताबडतोब लक्षात आलं: पांडूला अटक झाली आणि त्याला पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं. इतकी वर्षं मी ओरडून सांगत होतो, शेवटी खात्री पटली.

साहेब उकिडवे बसले. "पांडूबरोबर जा. नीट राहा." एलिशेबाबाईंनी पुडीत बांधून मटणाचं हाड दिलं. त्या हाड देतात? मला? स्वतःहून?

आजी चाचपडत उंबऱ्यापर्यंत आली. घरातून जाता-येता चौकटीवर ठोकलेल्या प्रार्थनेच्या लहानशा नळीला हात लावून बोटं ओठांना लावतात, तसा तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि बोटं ओठांना लावली. कुत्र्याच्या बाबतीत हे नियमात बसत नसावं.

मी मागे वळून पाहिलं नाही. कैद्यावर नजर ठेवावी लागते. तळ्यावर भेटूच.

६ जानेवारी, सोमवार

मुक्काम ओव्याच्या कडेची वाडी. कुडाच्या झोपड्या. कैदी पळून गेला नाही. उलट तो इथेच राहतो असं दिसतं. दोर सोडला. रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, येईपर्यंत थांबणं भाग आहे.

मेस वाईट. नाचणीची पेज, त्यात पाणी जास्त.

११ जानेवारी, शनिवार

पांडू आणि सोमी अंधारात उठून वीटभट्टीवर जातात. झोपडीवर पहारा माझा. आत एक मडकं, एक गोधडी, एक कोयता. आजवर चोरी झालेली नाही. हे यश कोणाचं, ते सांगायला नको.

रिलीव्हर नाही.

१९ जानेवारी, रविवार

उद्या तळ्यावर जातो. तिकडे माझ्याशिवाय गोंधळ चालला असेल.

२० जानेवारी

पायात काटा. उद्या.

२१ जानेवारी

काटा सोमीने काढला. म्हणाली, "नाजूक हाय रं बाबा." निघालो नाही, आजारपणाची रजा साठलेली होती.

२७ जानेवारी

ऊन फार.

२ फेब्रुवारी, रविवार

पांडूला भट्टीवर कमी मजुरी मिळाली. चूल पेटली नाही. सोमीने मडक्याच्या तळाचं खरवडून पांडूला दिलं, पांडूने थोडं मला दिलं. मी खाल्लं. मग लक्षात आलं की सोमीसाठी काही उरलं नव्हतं. चौकशी केली नाही.

आता मात्र पुढच्या रविवारी नक्की.

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो.

पहाटे, कोणी उठायच्या आत. पनवेलला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. थेट इस्राएल तळं. बायका कपडे धूत होत्या, म्हशी बसल्या होत्या. साहेब नाहीत. पूर्ण फेरी मारली, प्रत्येक पायरी हुंगली. मझलचा वास नाही, आजीचा नाही. ट्रंकांचा नाही. पायरीवर बसून राहिलो. एका बाईने "हाड!" म्हटलं. ड्यूटीवर आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने ओल्या लुगड्याचा पिळा मारला.

घरी गेलो. दाराला हिरवा रंग दिलेला. चौकटीवरची नळी काढलेली. खिळ्यांची दोन भोकं राहिलीत. आतून कोणी "सत्यवती" अशी हाक मारली आणि एक नवीन बाई बाहेर आली. मी गुरगुरायला हवं होतं.

"अगं बाई! तू त्या एलिजांचाच ना?" असं म्हणून तिने आत जाऊन अर्धी पोळी आणली. "खा. ते गेले रे बाबा. विमानाने गेले. समुद्राच्या पलीकडे गेले ते, आता कुठले यायला."

दार लागलं.

पोळी खाल्ली. पुन्हा तळ्यावर गेलो. पलीकडच्या काठावरही जाऊन पाहिलं. तिथे एक धोबी होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

रात्र तळ्याच्या पायरीवर काढली. वाडीत परत पोचलो तेव्हा संध्याकाळ. बिनपरवाना गैरहजर होतो. येताना वाटेत जबाब तयार केला होता: सरकारी काम निघालं, कळवायला वेळ मिळाला नाही, पुन्हा होणार नाही. दोरही लागेल असं धरून मान पुढे केली.

सोमी चूल फुंकत होती. म्हणाली, "सरक जरा, ठिणगी उडंल आंगावर."

पांडू तंबाखू मळत होता. त्याने चिमूट दाढेत धरली आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

मी गेलो होतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

चौकशीसाठी उभा राहिलो. बराच वेळ. मग बसलो.